खोड सांगून केलेला सौदा

गोविंदा,

तू गेल्याचा निरोप बारामतीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं आणला. माझ्या इंदापूरच्या दवाखान्याच्या पायरीशी उभा राहून, टोपी हातात घेऊन तो म्हणाला, "गोविंदराव डाक्टर वारलं. सकाळी अंघूळ करून बसलं आन् बसल्या जागीच..." त्या वेळी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तुला सांगूनच टाकतो, कारण तू ते ओळखलं असतंसच. मला वाटलं, हा याचा डाव आहे, मला पुलापलीकडं आणायचा. तीच एसटी परत निघाली तिच्यात बसलो, आणि निम्मी वाट सरेपर्यंत माझी खात्री होती की तू ओट्यावर बसलेला असशील आणि आल्या आल्या म्हणशील, "बघा, संशयराव आले की नाही!"

तू ओट्यावर नव्हतास. आत होतास, घोंगडीवर, नाकात कापूस. मला रडू यायला हवं होतं. आलं, पण उशिरा आलं. आधी मी तुझे पाय बघितले. घोट्यांवर सूज होती. बोटानं दाबलं तर खळगा तसाच राहिला. अशी सूज एका सकाळीत येत नाही, हे तुला सांगायला नको. बाहेर लोक "झटका आला, झटका आला" म्हणत होते. मी वहिनींना बाजूला घेतलं आणि विचारलं, "याला आधीपासून काही होत होतं का?" त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "त्यांनाच विचारायचं होतंत, भाऊजी," एवढं म्हणून त्या बायकांत जाऊन बसल्या. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळलं.

पुढचे सगळे दिवस मी त्याच नजरेनं बघत होतो. बाजारपेठेत शोकसभा झाली. ज्यांनी सगळ्यांत मोठ्यानं गळे काढले त्यांच्यावर माझं लक्ष होतं. जो तो तुला देवमाणूस म्हणत होता. तू देवमाणूस नव्हतास. तू रमीत पत्ते लपवायचास, दुसऱ्याच्या ताटातली मिरची पळवायचास, आणि हवं ते सांगून नको ते गाळायचास. आपले पुण्याचे गुरुजी म्हणायचे, आठवतंय ना, "रोगी खोटं बोलत नाही रे, तो निवडून खरं बोलतो." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. तू ते अंगात मुरवून घेतलंस.

आपण एकाच साली डॉक्टर होऊन बाहेर पडलो. तू बारामती धरलीस, मी इंदापूर. हद्दीची कल्पना माझी, हे मान्य. लासुर्ण्याजवळचा कालव्यावरचा पूल ही खूण. अलीकडचा रोगी माझा, पलीकडचा तुझा, आणि पूल ओलांडून कुणाला बघायचं झालं तर आधी विचारायचं. "आपण काय संस्थानिक आहोत का रे?" असं म्हणून तू पोट धरून हसला होतास. पण नियम मोडला नाहीस. मी मात्र तू मोडतोस का हे बघत राहिलो. पुलापलीकडचं एखादं लग्न इंदापुरात असलं तर वऱ्हाडाला विचारून घ्यायचो, तुमचे डॉक्टर हल्ली कुठवर येतात म्हणून.

मला विषमज्वर झाला होता ते साल आठव. मी शुद्धीत नव्हतो, म्हणून पुढचं सगळं बायकोच्या तोंडून ऐकलेलं. तू भाड्याच्या टांग्यातून आलास, धुळीनं भरलेला. ती म्हणाली, "या ना आत, असे दारात काय उभे?" आणि तू दारातूनच मला हाक मारलीस, "भास्कर, तुझ्या हद्दीत आलोय. येऊ का?" ती कळवळली. म्हणाली, "अहो, ते कसे उत्तर देतील? शुद्ध तरी आहे का त्यांना?" तू जरा वेळ थांबलास आणि म्हणालास, "गप्प आहे म्हणजे हो." मग चपला काढल्यास, आत आलास आणि मी डोळे उघडीपर्यंत हलला नाहीस. मी वाचलो तो तुझ्यामुळं. हे तुला कधी तोंडावर सांगितलं नाही, कारण तू त्याचं भांडवल केलं असतंस.

मग पन्नाशी उलटल्यावर तुला चळ लागला. पुण्यात व्यापार आणि सहकाराचा वर्षभराचा वर्ग निघाला होता. सोसायट्यांचे तरुण चिटणीस, कॉलेजातून नुकतीच सुटलेली पोरं, असले लोक तिथं जायचे. त्यात तू नाव घातलंस. सोमवारी बारामतीच्या छोट्या गाडीनं दौंडला, तिथून मोठ्या गाडीनं पुण्याला, आणि शनिवारी परत. गळ्यातली नळी काढून ठेवून डोक्यावर टोपी, हातात पिशवी. मी म्हणालो, "लोक या वयात काशीला जातात. तू जमाखर्च शिकायला निघालास?" तू म्हणालास, "डोकं गंजायला लागलंय."

मी एवढ्यावर विश्वास ठेवणारा नव्हे. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला तर सांगितलं, कारखान्याच्या लोकांची भाषा कळली पाहिजे." कन्हेरीचे आबा, ते वांगी-टोमॅटोवाले, माझ्याकडं पाव्हण्याला घेऊन आले होते, त्यांना विचारलं. आबा म्हणाले, "आमाला म्हनलं, तुमच्याशी बाजारभावावरनं भांडायचं तर शिकाय नको व्हय?" म्हणजे एका प्रश्नाला माणसागणिक उत्तर वेगळं. एखाद्या रोग्यानं असं केलं असतं तर मी त्याचा सदरा काढून पोट तपासलं असतं. तुझं काय तपासणार?

त्यावर आणखी कडी म्हणजे तू मलाच म्हणालास, "गुरुवारी बाजाराला माझ्या दवाखान्यात बसशील का? मोरगावकडची माणसं येतात लांबून, हेलपाटा पडेल त्यांना." मोरगावचा माणूस म्हणजे ज्वारी-बाजरीवर जगणारा, बरोबर एखादी शेळी विकायला आणलेली, आणि परतीची एसटी गाठायची घाई. मला त्यांचं काही नव्हतं. मला कळेना ते वेगळंच. तू मला पूल ओलांडून तुझ्या खुर्चीवर का बसवतोयस? रोगी मी पळवीन, ही भीती तुला कशी नाही वाटली? ज्याला स्वतःचे रोगी जाण्याची भीती नाही, तो त्याहून मोठं काहीतरी करायच्या मागं आहे, असा मी हिशेब केला. आणि दर गुरुवारी येऊन बसलो, पुढं वर्ग संपल्यावरही. बघायला, की तुझ्या माघारी काय शिजतंय.

त्या वर्षात तू भेटायचास तेव्हा काय काय दिसलं ते ऐक, म्हणजे माझी नजर किती तीक्ष्ण ते तुला कळेल.

तू तंबाखू सोडलीस. इतकी वर्षं सुटली नाही ती आत्ता सुटली. मी मनात म्हणालो, निवडणूक लढवायची आहे साहेबांना, दात पांढरे हवेत. तू हातात काठी घेतलीस आणि सावकाश चालायला लागलास. मी म्हणालो, पुढारीपणाची ऐट आली. इंदापूरला आलास की पूर्वी धाडधाड जिना चढून माझ्या माडीवर यायचास. आता खाली बाकावर बसून हाक मारायचास, "संशयराव, खाली या." मी म्हणालो, आता आम्हीच खाली उतरायचं तर. एकदा पुण्याला मीही बरोबर होतो. दौंडच्या स्टेशनात गाडी बदलताना पुलाच्या पायऱ्यांवर मधेच कठडा धरून उभा राहिलास. थंडीचे दिवस, आणि तुझ्या कपाळावर घाम. "काय रे?" म्हणालो तर "इंजिन बघतोय, केवढं मोठं आहे," म्हणालास. मी इंजिनाकडं बघितलंच नाही. फलाटावरच्या माणसांकडं बघितलं, कारण माझी खात्री होती की तुला नको असलेला कुणीतरी समोरून येतोय.

आणि ती डबी. आवळासुपारीची चपटी पत्र्याची डबी, तुझ्या कोटाच्या आतल्या खिशात असायची. बोलता बोलता तोंड फिरवायचास, बारीक काहीतरी जिभेखाली टाकायचास आणि घटकाभर गप्प बसायचास. "काय खातोस?" तर म्हणे आवळासुपारी. मला राग एवढ्याचाच यायचा, की शाळेतल्या पोरासारखा लपवून खातो, समोरच्याला विचारत नाही. म्हातारपणी माणूस चिक्कू होतो, असं मी बायकोला सांगितलंसुद्धा.

वर्ग संपवून तू आलास तो आकडेमोड घेऊन नव्हे, भांडण घेऊन आलास. आपण पुलाच्या कठड्यावर बसलो होतो, खाली कालवा भरून चालला होता. तू म्हणालास, "आमच्या प्राध्यापकांनी शिकवलं, माल बघून घ्यायची जबाबदारी गिऱ्हाइकाची. मी उभा राहिलो. म्हणालो, आमच्या बारामतीच्या बाजारात बैल विकणारा आधी खोड सांगतो. मारका असेल तर मारका म्हणतो, औताला मधेच खाली बसत असेल तर तसं सांगतो. न सांगता विकला तर गिऱ्हाईक पुढच्या बाजाराला जनावर आणून दारात बांधतं, आणि चार माणसं त्याच्या बाजूनं उभी राहतात. वर्ग हसला रे. मला 'आजोबा' म्हणतात तिथली पोरं."

मीही हसलो. म्हणालो, "पोरं बरोबर हसली. खोड सांगणारा विकणारा मी उभ्या जन्मात बघितला नाही. सांगतात ती किरकोळ खोड, मोठी झाकायला."

"आणि मोठीच सांगितली तर?"

"तर तो बैल कोण घेईल, गाढवा?"

तू कालव्याकडं बघत म्हणालास, "घेतात. जोडीतला दुसरा खणखणीत असला तर घेतात." आणि डबी काढलीस.

मग तू तुझा बेत सांगितलास. पुलाच्या पलीकडच्या माळावर सहकारी दवाखाना. ऊसवाल्यांनी आणि बागायतदारांनी शेअर घ्यायचे, त्यांनीच पंच निवडायचे, डॉक्टर पगारी. "आपण मेलो की आपला दवाखाना मरतो, भास्कर. वाण्याचं दुकान वाणी मेला तरी उघडतं. का, याचा कधी विचार केलायस?" मी म्हणालो, "वाण्याला वारस असतो." तू म्हणालास, "वारस करता येतो." आणि माझ्याकडं असं बघितलंस की माझा संशय पक्का झाला. तू मला गिळायला निघाला होतास. पुलापलीकडं, तुझ्या हद्दीत, एवढा मोठा दवाखाना झाल्यावर इंदापूरच्या माझ्या दोन खोल्यांत कोण येणार? कुत्रंसुद्धा नाही.

"तू ये ना तिथं," तू म्हणालास. "आपण दोघं बसू."

"तुझ्या हाताखाली?"

"हाताखाली कशाला? शेजारी."

"आणि मोरगावच्यांचं काय?" मी विचारलं. "त्यांच्याकडं ऊस नाही, बागाईत नाही. ते कुठून शेअर घेणार? तुझा दवाखाना पाणी असलेल्यांचा. कोरडवाहू माणूस आजारी पडत नाही असं तुझ्या वर्गात शिकवलं काय?" हे मात्र तुला लागलं. तू बराच वेळ गप्प होतास. मग म्हणालास, "गुरुवार आहे ना. गुरुवारी कुणीतरी बारामतीला बसेल." "कुणीतरी म्हणजे कोण?" तर म्हणे, "बघू." तो वाद आपला तिथंच अडला, आणि अजून मिटलेला नाही. तू नसलास तरी मी तो सोडणार नाही.

उठताना मी म्हणालो, "चेअरमन व्हायचंय तुला. सरळ सांग की." तू काठीवर जोर देऊन उठलास. रागावशील असं वाटलं होतं. तू नुसता म्हणालास, "तुझ्यासारखा संशयी माणूस मला कुठं मिळणार रे?" त्यात टोमणा होता की आणखी काही, हे मी तेव्हा बराच वेळ चघळत बसलो. त्यानंतर आपण भेटलो ते फक्त येताजाता. शेवटची भेट एका गुरुवारची, तुझ्या दवाखान्यातलीच. मी निघालो तेव्हा तू खिडकीतून हात केलास. मी केला की नाही, आठवत नाही.

आता यापुढचं तुला माहीत नाही. म्हणजे, माहीत असेलच. सगळं तूच तर घडवून ठेवलंस.

तेराव्याचं जेवून इंदापूरला परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडतोय तर बाकावर दोन फेटे बसलेले. एक कन्हेरीचे आबा, दुसरे सांगवीचे तात्या, ते मोठे ऊसवाले. पहिल्या एसटीनं आले होते. मी म्हणालो, "काय होतंय?"

"काय न्हाय," तात्या म्हणाले.

"मग?"

"आलोय आपलं. बघाय."

"कुणाला?"

"तुमास्नी."

मी खुर्चीत बसलो. दोघं माझ्याकडं बघत राहिले. मग आबांनी कोपऱ्यातल्या फळीकडं बोट केलं. "ती वरची बाटली जरा द्या की हितं. लाल औषिदाची." मी उठलो, बाटली आणली, त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही, शेजारी ठेवून दिली. ते माझ्या पायांकडं बघत होते. मग म्हणाले, "ती भिंतीवरली तारीख काय हाय? आमास्नी हितनं दिसंना." मी तारीख सांगितली. तात्यांनी आबांकडं बघून मान हलवली. "वय काय झालं म्हणायचं, डाक्टर?" मी तेही सांगितलं. आबा म्हणाले, "दात समदं शाबूत हायती न्हवं?"

मग मात्र माझी तार सटकली. म्हणालो, "आबा, मी काय गुरुवारच्या बाजारातला बैल आहे?"

"आमी तसं म्हनलो न्हाय," तात्या शांतपणे म्हणाले. "पर शेअर घेतल्यात आमी. समद्या सांगवीनं घेतल्यात, कन्हेरीनं घेतल्यात. मंग जनावर बघून नगं व्हय घ्यायला?"

"शेअर दवाखान्याचे घेतलेत. माझे नाही."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आबा म्हणाले, "म्हंजी गोविंदरावांनी तुमास्नी काय सांगितलंच न्हाय?"

मी म्हणालो, "काय सांगायचं होतं?"

मग तात्यांनी सांगितलं. सुगीच्या आधीची गोष्ट. सांगवीच्या देवळापुढं सभा भरली होती, शेअर विकायची. तू उभा राहिलास. तुझे शब्द त्यांच्या तोंडून जसे ऐकले तसे लिहितो.

"गोविंदराव म्हनलं, मंडळी, शेअर घ्यायच्या आदी खोड ऐका. माज्या काळजात बिघाड हाय. आज हाय, उद्या न्हाय. पुण्याच्या मोठ्या डाक्टरानं बघितलंय, औषीद चालू हाय, पर त्येचा काय उपेग न्हाय. आन् ती सुपारीची डबी काढून समद्यास्नी दावली. त्यात गोळ्या हुत्या. मंग ह्यो आबाच बोलला, की मंग तुमास्नी घिऊन आमी करायचं काय?"

"बोललो खरं," आबा खाली बघत म्हणाले. "सौद्यात बोलाय लागतं."

"गोविंदराव हासलं," तात्या पुढं म्हणाले. "म्हनलं, एकट्याला घिऊ नगा. जोड बघून ठिवलीया. इंदापूरचा डाक्टर."

मी उठून ती लाल बाटली परत फळीवर ठेवली. कंपाउंडर आत डोकावला आणि परत गेला. सबंध सांगवीला माहीत होतं. कन्हेरीला माहीत होतं. ज्यांना नाडी कुठं असते हे माहीत नाही त्या माणसांना तुझं काळीज माहीत होतं, आणि मला, तुझ्यासमोर बसून तुला जिभेखाली गोळी ठेवताना बघणाऱ्याला, आवळासुपारी. कपाळावरचा घाम बघितला, थांबणं बघितलं, जिना सोडलेला बघितला. सगळं बघितलं. मी जगावर संशय घेतला आणि रोगावर घ्यायचा तेवढा राहिला.

"मला कुणी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"शपथ घातली हुती त्येंनी," तात्या म्हणाले. "म्हनलं, त्येला कळलं तर त्यो रोज यील, मला हातरुणावर पाडंल आन् काम करू द्यायचा न्हाय. दवाखाना हुस्तवर गप ऱ्हावा."

हे खरं असेल. मी तसंच केलं असतं. पण तुला ओळखतो ना मी! तू निवडून खरं सांगणारा. यामागं आणखी काही असणार. मला वाटतं, तुलाही भीती होती, की मला कळलं तर मी नकळत कुठं बोलेन, आणि तुझे रोगी तू जिवंत असतानाच पूल ओलांडून इंदापूरची वाट धरतील. म्हणजे तूही माझ्यावर संशय घेत होतास. खरं सांगू? या विचारानं मला फार बरं वाटलं. एवढी वर्षं मी एकटाच संशयी आहे, अशी समजूत करून दिली होतीस तू माझी.

पण नंतर एसटीची वाट बघत ते दोघं बाकावर शेंगा फोडत बसले, तेव्हा मला तिसरंच उत्तर सापडलं, आणि ते बरोबर आहे असं मला वाटतं. विकणारा खोड सांगतो ती घेणाऱ्याला. जोडीतल्या दुसऱ्या बैलाला कोण सांगत बसतो? त्याच्या मानेवर जू येतं तेव्हा त्याला कळतंच.

मी आबांना म्हणालो, "त्यानं त्याची खोड सांगितली. माझी सांगितली का?"

आबा ओशाळले. "जाऊ द्या की, डाक्टर."

"सांगा. न सांगता विकलेला माल मी परत आणून बांधेन."

तात्यांनी शेंगांची टरफलं धोतरावरून झटकली. "म्हनलं, लई संशेखोर हाय. 'येतो' म्हनायला वरीस घालवंल. माजं चुकलंय काय, तुमचं चुकलंय काय, हेच हुडकंल. मोरगावच्या माणसांवरनं तर तुमाला झोपू द्यायचा न्हाय. पर एकदा जुंपला की मदीच बसायचा न्हाय."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"आमी म्हनलो, चालंल. संशेखोर डाक्टर बरा. रोग सुटायचा न्हाय त्येच्या हातनं."

मी त्या बिचाऱ्यांना सांगितलं नाही, की एक सुटला.

एसटी आली. चढताना आबा वळून म्हणाले, "मंग कसं? येताय न्हवं?" मी म्हणालो, "मोरगावचा माणूस शेअरवाचून बघायचा. गुरुवारी बारामतीला मी बसणार, आणि ते दवाखान्याचंच काम धरायचं. हे पंचांनी मान्य केलं तर येतो." तात्या दारात उभे होते. ते हसले. "गोविंदराव म्हनलंच हुतं, ह्ये तुमी मागाल म्हनून. मान्य केलंय आमी सुगीच्या आदीच."

बघ. म्हणजे भर पुलावर मी तुला ज्यात गप्प केलं, असं मला वाटलं, तो वादही तू खिशात घालून सांगवीला नेलास आणि माझ्या नावानं विकलास. मी म्हणत होतो ना, तू काहीतरी डाव टाकतोयस? माझा संशय खरा होता, गोविंदा. शब्द न् शब्द खरा होता. तू एवढ्या वयात शिकायला गेलास, पोरांचं 'आजोबा' ऐकून घेतलंस, छाती धरून दौंडचा पूल चढलास, ते सगळं मला विकण्यासाठी. फक्त गिऱ्हाइकाच्या बाबतीत माझा अंदाज चुकला; मला घेणारा तू नव्हतास, सांगवी आणि कन्हेरी होती.

वहिनींकडून मी ती डबी मागून आणली आहे. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. त्यात खरीखुरी आवळासुपारी भरली आहे, आणि समोर बसणाऱ्याला आधी विचारतो.

दवाखान्यावर छप्पर अजून चढायचंय, पण भिंती उभ्या आहेत. उद्या सकाळी मी माळावर खुर्ची टाकून बसणार. पहिला रोगी तात्यांनी आधीच ठरवून ठेवलाय म्हणतात. पण जागा पुलाच्या पलीकडची आहे, तुझ्या हद्दीतली. नियम माझाच आहे, तो मलाच मोडता येत नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

गोविंदा, तुझ्या हद्दीत येतोय. येऊ का?

गप्प आहेस. म्हणजे हो.